कंटेनर भरण्याआधी : लघुउद्योजकाने परदेशी बाजारपेठ कशी अभ्यासावी?

निर्यात करायचे ठरले की बहुतेक लघुउद्योजक थेट ग्राहकाच्या शोधाला लागतात. कुणाचा मेहुणा दुबईत असतो, कुणाची मुलगी न्यू जर्सीत, कुणाला एखाद्या व्यापारी संकेतस्थळावरून चौकशी आलेली असते. पहिला होकार ज्याच्याकडून येतो, त्याचा देश आपली बाजारपेठ ठरतो. पुढे कधी लेबलवरून माल अडतो, कधी चाचणीत नापास होतो, तर कधी सगळे सुरळीत होऊनही हाती काही उरत नाही. मग ‘निर्यात आपले काम नव्हे’ असे म्हणून माणूस मागे फिरतो. अनेकदा त्याच्या मालात काहीच खोट नसते. बाजार त्याने निवडलेला नसतो, तो नुसता वाट्याला आलेला असतो.

हा क्रम बदलायला हवा. आधी देश, मग मालाचे रूप, मग ग्राहकाचा प्रकार आणि शेवटी प्रत्यक्ष ग्राहक. पहिल्या तीन पायऱ्यांना लागणारी बरीचशी माहिती आज फुकट आणि घरबसल्या मिळते. त्यासाठी दोन-तीन महिने शिस्तीने बसण्याची तयारी मात्र हवी. हे कसे करायचे ते एका उदाहरणावरून पाहू : सांगली, वसमत किंवा वर्ध्याजवळच्या वायगाव भागातला, हळद दळून विकणारा छोटा उद्योग. तुमचा माल बेदाणा असो, सोलापुरी टॉवेल असो की कोकणातला काजू, पायऱ्या याच राहतात.

आपला स्पर्धक कोण?

सरकारी आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे १ लाख ६२ हजार टन हळद आणि हळदीची उत्पादने परदेशी गेली. त्यांची किंमत होती सुमारे २२ कोटी ६५ लाख डॉलर. हळदीच्या जागतिक व्यापारात भारताचा वाटा ६० टक्क्यांहून जास्त आहे.

या आकड्यांचा अभिमान वाटणे साहजिक आहे, पण उद्योजकाने त्यांच्याकडे हिशेबाच्या नजरेने पाहावे. जगातली निम्म्याहून जास्त हळद भारतच विकत असेल, तर परदेशात तुमची गाठ बहुधा दुसऱ्या भारतीय निर्यातदाराशीच पडणार. तो इरोडचा असेल, निजामाबादचा असेल, नाहीतर नवी मुंबईच्या मसाला बाजारातला असेल. त्याच्याकडे तुमच्याहून मोठी खेप आणि जुने ग्राहक असतील. आता किमतीला वजनाने भागा : किलोमागे सरासरी सुमारे १.४० डॉलर. या सरासरीत पोत्यांतून जाणारी हळकुंडे आहेत आणि पूडही आहे. म्हणजे साध्या हळकुंडांच्या धंद्यात भावाची चढाओढ किती कडवी आहे, याचा अंदाज येतो. छोट्या उद्योगाने तिथे उतरून मोठ्यांशी किलोमागे दोन रुपयांसाठी भांडण्यात अर्थ नाही. ‘हळद कुणाला हवी?’ याचे उत्तर सोपे आहे. आपल्याला शोधायचे आहे ते असे ठिकाण, जिथे आपली हळद, आपल्या क्षमतेएवढी, आपल्याला परवडेल त्या भावाने घेतली जाईल.

मालाचा नंबर पक्का करा

अभ्यासाची सुरुवात एचएस कोडपासून, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नंबरापासून होते. जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरवलेले पहिले सहा आकडे जवळजवळ सगळ्या जगात सारखे असतात. पुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. हळदीचा सहा आकडी कोड ०९१०३० आहे. भारतात तो आठ आकडी होतो आणि हळद पुडीसाठी ०९१०३०३० असा लागतो. निरनिराळ्या मसाल्यांची मिश्रणे ०९१०९१ खाली येतात. हळदीचे ओलिओरेझिन, म्हणजे घट्ट अर्क, तर ३३ व्या प्रकरणात जाते.

हा कोड चुकला की पुढचा सगळा अभ्यास चुकतो, कारण आकडेवारी, आयात शुल्क आणि सवलती सगळ्या त्याच नंबरावर शोधायच्या असतात. शंका असेल तर कस्टम ब्रोकरला विचारा आणि एकाच मताने समाधान होत नसेल तर दुसऱ्यालाही विचारा.

आकडे वाचायला शिका

जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचे ‘ट्रेड मॅप’ हे संकेतस्थळ इथे सर्वांत उपयोगी पडते. संयुक्त राष्ट्रांचे ‘कॉमट्रेड’ आणि आपल्या वाणिज्य मंत्रालयाची निर्यात-आयात आकडेवारीही खुली आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ‘ट्रेड कनेक्ट’ मंचावरही देशवार आणि मालवार माहिती मिळते.

कोड टाकल्यावर नुसती ‘सर्वांत मोठे आयातदार’ ही यादी उतरवून घेऊ नका. प्रत्येक देशासाठी चार गोष्टी वहीत मांडा. पाच वर्षांत आयात वाढली की घटली? ती कुणाकडून होते आणि भारताचा वाटा किती? किलोमागे सरासरी किंमत किती पडते? आणि तोच देश पुढे किती माल निर्यात करतो?

चौथा प्रश्न अनेकजण विसरतात. संयुक्त अरब अमिरात भारतीय हळदीचा मोठा ग्राहक दिसतो, पण दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरलेला बराच माल पुन्हा दुसऱ्या देशांकडे रवाना होतो. नेदरलँड्सचेही तसेच आहे. रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये खाल्ला जातो, पण आकड्यांत नेदरलँड्स मोठा दिसतो. अशा देशांत तुमचा खरा ग्राहक किराणा दुकानदार नसून मोठा घाऊक व्यापारी किंवा पुनर्निर्यातदार असतो. त्याला पोती हवी असतात, तुमच्या ब्रँडची पाकिटे नकोत.

भारताची निर्यात आणि त्या देशाने नोंदवलेली भारताकडून झालेली आयात यांचे आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका. आपण बंदरापर्यंतची एफओबी किंमत नोंदवतो. आयात करणारा देश बहुधा भाडे आणि विमा धरून सीआयएफ किंमत नोंदवतो. शिवाय मार्चमध्ये निघालेला माल एप्रिलमध्ये पोहोचतो. फरक थोडा असेल तर तो साहजिक आहे. फार मोठा असेल तर माल वाटेत कुठेतरी वळतो आहे असे समजा आणि ती वाट शोधा.

किलोमागची किंमत हा तर सोन्यासारखा आकडा आहे. एखादा देश सरासरीपेक्षा बराच जास्त भाव देत असेल तर तो तपासलेली पूड, सेंद्रिय माल किंवा करक्युमिनचे, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचे, प्रमाण जास्त असलेली हळद घेत असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे वायगावची हळद करक्युमिनसाठी ओळखली जाते आणि तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्ये मिळाले. पण मानांकन परदेशात आपोआप भाव देत नाही. तिथला औषधी अर्क काढणारा कारखानदार प्रयोगशाळेचा अहवाल पाहून करक्युमिनच्या टक्क्यावर भाव ठरवतो. आपली हळद किती टक्क्यांची आहे, हे माहीत नसेल तर त्याच्याशी बोलणेच सुरू होत नाही.

दारावरच्या अटी

आकड्यांवरून आठ-दहा देश हाती लागले की त्यांतले बरेचसे गाळायचे. गाळणीचे पहिले जाळे आयात शुल्काचे. ‘मार्केट ॲक्सेस मॅप’ या संकेतस्थळावर कोड आणि देश टाकला की भारतीय मालावरचे शुल्क दिसते. व्यापार करारांची माहिती याच वेळी घ्या. अमिरातीबरोबरचा करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाबरोबरचा २९ डिसेंबर २०२२ पासून आणि स्वित्झर्लंड-नॉर्वे यांचा समावेश असलेल्या एफ्टा गटाबरोबरचा १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. करारातली सवलत मिळवायला उत्पत्ती प्रमाणपत्र लागते. तुमच्या स्पर्धक देशाला तिथे तुमच्याहून कमी शुल्क लागते का, हेही पाहा.

दुसरे जाळे अन्नसुरक्षेचे, आणि हे जास्त बारीक आहे. मसाले निर्जंतुक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साईडचेच पाहा. अमेरिकेत मसाल्यांमध्ये त्याचा अंश किलोला ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. युरोपीय संघात ही मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे सत्तरपट कडक. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही नामांकित भारतीय मसाल्यांवर याच कारणाने कारवाई केली होती. तेव्हा ‘आमचा माल निर्यातीच्या दर्जाचा आहे’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. कोणत्या देशाच्या दर्जाचा, हे सांगता आले पाहिजे.

युरोपात हळदीतल्या अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनची १० मायक्रोग्रॅम आहे. ही बुरशीची विषे आहेत. हळकुंडे उकडल्यावर नीट वाळली नाहीत किंवा ओलसर जागी साठवली की ती वाढतात. म्हणजे युरोपची तयारी गिरणीत नव्हे, शेतकऱ्याच्या वाळवणाच्या खळ्यावर सुरू होते. अमेरिकेत शिशाबद्दल विशेष सावधगिरी असते. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा रंग वापरल्याचे उघड झाले होते आणि अमेरिकेतल्या बाजारातून हळदीची पाकिटे परत मागवली गेली होती. तेव्हापासून जड धातूंचा अहवाल मागणे तिथल्या जाणत्या आयातदारांच्या अंगवळणी पडले आहे.

हे नियम वाचण्याचा एक सोपा आणि खात्रीचा मार्ग आहे : कुणाचा माल का परत गेला ते पाहा. युरोपीय संघाची ‘रॅसफ’ ही धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची नाकारलेल्या मालाची यादी, दोन्ही सर्वांना पाहता येतात. तिथे भारतीय हळद आणि मसाल्यांच्या मागच्या दोन वर्षांतल्या नोंदी काढा. साल्मोनेला, कीटकनाशकांचे अंश, चुकीचे लेबल अशी कारणे समोर येतील. दुसऱ्याच्या नुकसानीतून मिळालेली ही शिकवणी फुकट आहे.

लेबलकडेही वेळीच पाहा. आखाती देशांत अरबी मजकूर लागतो. युरोपात ज्या देशात विक्री, त्या देशाची भाषा. मोहरी आणि सेलरी हे युरोपात जाहीर करावे लागणारे ॲलर्जीकारक पदार्थ आहेत. अमेरिकेच्या यादीत ते नाहीत, पण १ जानेवारी २०२३ पासून तिथे तीळ आले आहेत. तुमच्या एकाच यंत्रावर सकाळी मोहरी घातलेला मसाला, दुपारी तिळाची चटणी आणि संध्याकाळी हळद दळली जात असेल, तर हा प्रश्न तुमच्या गिरणीपर्यंत येतो. अमेरिकेत पाठवायचे तर कारखान्याची तिथल्या प्रशासनाकडे नोंदणी, तिथे राहणारा प्रतिनिधी आणि प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना लागते. शिवाय परदेशी पुरवठादाराची पडताळणी करण्याची कायदेशीर जबाबदारी तिथल्या आयातदारावर असते, त्यामुळे तो तुमच्याकडे कागद मागणारच.

भारतातली कागदपत्रेही याच काळात करून घ्या. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून मिळणाऱ्या आयात-निर्यात कोडसाठी ५०० रुपये शुल्क आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. मसाल्यांसाठी मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी लागते. फळे, बेदाणा, गूळ अशा मालासाठी अपेडा या सरकारी संस्थेकडे जावे लागते.

किमतीचा उलटा हिशेब

आपल्याकडे किंमत खालून वर जाते : कच्चा माल, दळण, पॅकिंग, नफा. परदेशी बाजारासाठी ती वरून खाली काढावी. दुकानाच्या फळीवरच्या भावापासून सुरुवात करून आपल्या गिरणीपर्यंत यावे.

समजा दुबईत २०० ग्रॅमचे पाकीट ५ दिर्हमला विकले जाते. तिथला ५ टक्के व्हॅट काढला की ४.७६ दिर्हम उरतात. दुकानदाराने २५ टक्के ठेवले असे धरले तर ३.५७. आयातदार-वितरकाने २० टक्के ठेवले तर २.८६. भाडे, विमा, शुल्क आणि बंदरावरची हाताळणी यांना १० टक्के धरले तर सुमारे २.५७. किलोला अशी पाच पाकिटे, म्हणजे जवळपास १३ दिर्हम. दिर्हम डॉलरशी सुमारे ३.६७ या दराने बांधलेला असल्याने हे साधारण साडेतीन डॉलर झाले. यातली टक्केवारी उदाहरणादाखल घेतली आहे. खरी टक्केवारी तुम्हाला आयातदाराशी बोलूनच कळेल.

साडेतीन डॉलर हे पोत्यातल्या हळदीच्या भावापेक्षा बरेच जास्त दिसतात. पण त्यातून पाकीट, छपाई, प्रयोगशाळेच्या चाचण्या, मुंबईपर्यंतची वाहतूक, नमुने आणि उधारीवरचे व्याज भागवायचे आहे. शिवाय काही साखळी दुकाने फळीवर जागा देण्यासाठी वेगळे पैसे घेतात. हा हिशेब निवडलेल्या प्रत्येक देशासाठी स्वतंत्र मांडा. जिथे उलट्या हिशेबाने आलेला भाव तुमच्या खर्चाच्या खाली जातो, तो देश कितीही मोठा असला तरी यादीतून काढा.

माणसांशी बोला, फळ्या पाहा

कागदावरून दोन-तीन देश उरले की माणसांकडे वळायचे. नेदरलँड्स सरकारची सीबीआय ही संस्था विकसनशील देशांतल्या निर्यातदारांसाठी युरोपीय बाजाराचे मोफत अहवाल प्रसिद्ध करते. हळदीवरही त्यांचे काम आहे. ते वाचल्याशिवाय युरोपातल्या कुणालाही ईमेल पाठवू नका. भारतीय दूतावासांच्या वाणिज्य विभागाला आणि निर्यातदारांच्या फिओ या संघटनेला नेमके प्रश्न विचारा. ‘ग्राहक सुचवा’ या विनंतीला सहसा गुळमुळीत उत्तर मिळते. ‘तुमच्याकडे किरकोळ पाकिटांवर कोणती नोंदणी लागते आणि ती कोण करतो?’ असे विचारले की उपयोगाचे उत्तर येते.

परदेशातल्या मराठी माणसांची मदत जरूर घ्या, पण ती कशासाठी हे ठरवून घ्या. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचे जाळे आहे. तिथले लोक तुम्हाला फळ्यांचे फोटो, भाव आणि कोणते ब्रँड चालतात हे आनंदाने कळवतील. तेवढे सोने आहे. मात्र ‘आमच्याकडे तुमचा मसाला नक्की खपेल’ हा आपुलकीचा शब्द आहे, ती मागणीची मोजणी नव्हे.

इथेच एक मोठा निर्णय घ्यायचा असतो : भारतीय वस्तूंच्या दुकानांसाठी विकायचे की तिथल्या सर्वसाधारण बाजारासाठी? दोन्हींची रीत वेगळी. दुबईत १९८४ साली छोट्या दुकानापासून सुरुवात करून धनंजय दातार यांनी ‘अल अदील’ ही भारतीय किराण्याची साखळी उभी केली. अशा दुकानांत ग्राहकाला माल ओळखीचा असतो, मात्र भारतीय ब्रँडांची स्पर्धा दाट असते. कारफूरसारख्या दुकानात ग्राहक निराळा, पाकीट निराळे, कागदपत्रांची अपेक्षाही मोठी. छोट्या उद्योगाला तिसरी वाटही असते : तिथल्या एखाद्या ब्रँडसाठी त्याच्याच नावाने माल भरून देणे. त्यात नाव होत नाही, पण शिस्त लागते आणि नियमित खेपा मिळतात.

जमल्यास एकदा स्वतः जाऊन या. दुबईचे गल्फूड दरवर्षी भरते. कोलोनचे अनुगा विषम वर्षी आणि पॅरिसचे सियाल सम वर्षी असते. पहिल्या खेपेला गाळा घेण्याची घाई नको. पाहुणे म्हणून जा, सकाळी प्रदर्शनात आयातदारांना भेटा आणि संध्याकाळी दुकाने पाहा. पाकिटांवर आयातदाराचे नाव छापलेले असते. दहा दुकानांतली नावे टिपलीत की संभाव्य ग्राहकांची खरी यादी तुमच्या हातात येते, आणि ती कोणत्याही विकत घेतलेल्या यादीपेक्षा ताजी असते.

ग्राहकाची आणि देशाची पारख

नाव हाती आले की त्याची चौकशी करा. ब्रिटनमध्ये ‘कंपनीज हाऊस’च्या नोंदवहीत कंपनीचे वय, संचालक आणि हिशेब फुकट पाहता येतात. इतर ठिकाणी ईसीजीसीची मदत घ्या. १९५७ पासून हे सरकारी महामंडळ निर्यातदाराला पैसे बुडण्याच्या धोक्यापासून विमा देते. तुमच्या ग्राहकावर ते विमा द्यायला तयार नसेल, तर तीच महत्त्वाची माहिती समजा. ईमेलवरून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे कळवले गेले तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका.

देशाचीही पारख लागते. बांगलादेश आपल्या हळदीचा मोठा ग्राहक आहे, पण ऑगस्ट २०२४ मधल्या सत्तांतराच्या वेळी पेट्रापोल सीमेवरची वाहतूक काही दिवस थांबली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरचे अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. अशा वेळी सगळा माल एकाच देशात जाणाऱ्या उद्योगाचे हाल होतात. तरीही सुरुवात एका देशापासूनच करा, कारण दोन देशांच्या अटी एकदम सांभाळणे छोट्या उद्योगाला जमत नाही. पण दुसऱ्या क्रमांकाच्या देशाची वही बंद करू नका. पहिल्या देशात जम बसला की पुढचे पाऊल कुठे, हे आधीच ठरलेले असावे.

तीन महिन्यांचा आराखडा

पहिल्या महिन्यात कोड पक्का करा, आकडे काढा, आठ-दहा देशांची यादी करा आणि नोंदण्यांचे अर्ज भरा. दुसऱ्या महिन्यात शुल्क, नियम आणि नाकारलेल्या मालाच्या नोंदी वाचून ती यादी तीनवर आणा. त्याच महिन्यात आपल्या मालाचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. मसाला मंडळाच्याही मुंबईसह काही ठिकाणी प्रयोगशाळा आहेत. अहवाल वाईट आला तर निराश होऊ नका, दोष दाखवणारा हा कागद परदेशी बंदराऐवजी तुमच्या टेबलावर आला हे उत्तमच झाले. तिसऱ्या महिन्यात उलटा हिशेब मांडा, दहा-बारा आयातदारांशी बोला आणि एक देश निवडा. पहिली विक्री छोटी ठेवा. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून पार्सलनेही कायदेशीर निर्यात होते. नमुने आणि चाचणीपुरत्या ऑर्डरींसाठी हा मार्ग सोयीचा आहे.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तुम्हाला एक वाक्य लिहिता आले पाहिजे : कोणता माल, कोणत्या रूपात, कोणत्या देशात, कोणत्या प्रकारच्या ग्राहकाला, कोणत्या भावाने आणि कोणत्या चाचण्या पास करून विकणार. या सहांपैकी एकही जागा रिकामी राहिली तर अजून महिनाभर अभ्यास करा. आणि शोधाअंती ‘यंदा निर्यात नको, आधी वाळवण आणि साठवण सुधारू’ असे उत्तर आले, तर तेही या अभ्यासाचे यशच आहे. आपल्याकडे मालाची, कष्टाची आणि हिमतीची कमतरता नाही. त्यांना नेमक्या माहितीची जोड मिळाली, तर सांगली-वसमतच्या छोट्या गिरणीतली हळद परदेशी फळीवर टिकेल आणि तिचा रास्त दाम गिरणीपर्यंत आणि शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल.